ओस चाळी, बेघर कामगार
मुंबईत जागाच नाही, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. मग बीडीडी चाळींचा इतिहास काय सांगतो? 1920च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीत 207 चाळी बांधल्या. खोल्या सुमारे 16,000. पण भाडे गिरणी कामगाराला झेपेना, वरळी तर गिरण्यांपासून लांब. हजारो खोल्या ओस पडल्या. तिकडे गिरणगावात एकेका खोलीत दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडे कोंबलेली, आणि अस्पृश्याला हातात भाडे असूनही जात सांगताच दार बंद! 1930च्या कायदेभंगात वरळीच्या याच चाळींचा सरकारने तुरुंग केला. कैद्यांना खोल्या होत्या, कामगाराला नव्हत्या. आमची माणसे पुढे तिथे स्थिरावली. 1974च्या दंगलीत त्याच वरळीत त्यांच्यावर हल्ले झाले.