इंजिनाचं पाणी

आमच्या मळ्यात यंत्राचा आवाज पहिल्यांदा घुमला तो १९७४ साली. त्याआधी विहिरीवर मोट होती. १९७२ च्या दुष्काळात विहीर तळाला गेली, बैल विकावे लागले. पाऊस परतल्यावर अण्णांनी बैलांच्या जागी पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आणलं. आमचा मुलूख किर्लोस्करवाडीच्या शेजारचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हापासून इथल्या माणसाला लोखंडाचं भय वाटेनासं झालं. १९४६ साली पुण्याला त्यांच्याच घराण्यानं ऑइल इंजिनांची कंपनी काढली आणि पुढं 'इंजन' हा शब्द बायाबापड्यांच्या तोंडी बसला.

आमच्या इंजिनाला रेडिएटर नव्हता. पंपानं उपसलेल्या पाण्यातलंच थोडं पाणी बारक्या नळीनं इंजिनाच्या अंगातून फिरायचं आणि ऊन होऊन पाटात पडायचं. थंडीत त्या धारेखाली आम्ही पोरं अंघोळ करायचो, आई धुणं धुवायची. ती धार चालू आहे ना, एवढं बघत बसायचं काम माझं.

१९७८ च्या उन्हाळ्यात मी ते काम सोडून विटीदांडू खेळायला गेलो. परत आलो तर धार थांबलेली, इंजिन तापून जाम झालेलं. ऊस ऐन पाण्याला आला होता. गावातल्या मिस्त्रींनी तीन दिवस खपून पिस्टन मोकळा केला. अण्णांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "नळीत शेवाळ अडकलं व्हतं. कुणाचा काय दोष न्हाई."

शेवाळ अडकलं होतं हे खरं. पण धार थांबली तेव्हा तिथं कुणी नव्हतं, हे त्यांच्या नजरेतनं सुटलं नव्हतं.

पुढं विहिरीवर वीज आली आणि आमचं इंजिन भंगारात गेलं. रस्त्यावर बुलेट, राजदूत, येझदी धावत होत्या, १९८५ नंतर हिरो होंडाची सीडी-१०० घरोघर आली. या सगळ्या गाड्या वाऱ्यावर थंड होणाऱ्या. गावोगावचे मेकॅनिक यांच्यावरच तयार झाले. प्लग, कार्बोरेटर, क्लचप्लेट त्यांना डोळे मिटून कळायचं, पण मोटरसायकलला पाणी लागतं हा विषयच नव्हता. २००८ साली यामाहाची आर-१५ आली, तेव्हा कुठं आमच्याकडच्या पोरांनी मोटरसायकलला रेडिएटर पाहिला.

निवृत्तीनंतर मी दोन सिलिंडरांची एक जुनी टूरिंग मोटरसायकल घेतली. लांबच्या प्रवासाची हौस होती. दुसऱ्या वर्षी तिच्याखाली हिरवट थेंब दिसायला लागले. एकानं होजच्या क्लिपा आवळल्या. दुसरा म्हणाला, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उतरायला लागंल." तिसऱ्यानं पाण्याच्या पंपाखालचं एक बारकं भोक दाखवलं, "इथनं गळतंय बघा," म्हणत त्यात पुट्टी भरली आणि दोनशे रुपये घेतले. थेंब थांबले. मी खूश.

मिस्त्री आता ऐंशीच्या पुढं गेलेत, हात थरथरतो. सहज म्हणून त्यांना गाडी दाखवायला नेली. पुट्टी बघताच ते चिडले.

"ही कुणी बुजवली? बाबा, ह्ये भोक कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं असतंय. पंपाच्या दांड्याला एक सील पाण्याच्या अंगाला, दुसरं तेलाच्या. मधनं काय गळलं तर ह्या वाटंनं बाहीर पडावं. वाट बुजवली की पाणी तेलात जातंय."

त्यांनी तेल तपासायला लावलं. ते ताकासारखं पांढरट झालेलं नव्हतं, एवढं नशीब. मग म्हणाले, "इंजन गार हू दे. तापल्यावर रेडिएटरचं टोपण काढशील तर तोंड भाजंल." पुट्टी कोरून काढली, सगळं पुसून कोरडं केलं आणि घरातनं तोंडाला लावायची पावडर मागवून पंपाभोवती, होजच्या जोडांवर भुरभुरली. गाडी थोडा वेळ चालवून बंद केली. जोड कोरडेच राहिले. पांढऱ्या पावडरीत भोकाखाली तेवढी एक ओली रेघ उमटली. हेडला हात लावायची गरजच नव्हती.

जुनं सील खिशात घालून मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो आणि मापाचं नवं घेऊन आलो. दांडा झिजलेला नाही ना, हे मिस्त्रींनी नखानं चाचपलं. हात त्यांचे थरथरत होते म्हणून सील त्यांच्या नातवानं बसवलं. रेडिएटरमधनं पांढरी पापडी निघाली, तेव्हा माझीही चूक कळली. पातळी उतरली की मी बोअरचं पाणी ओतत होतो आणि त्यातले क्षार आत साठत होते. आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं. निघालेलं जुनं कूलंट त्यांनी डब्यात बंद करायला लावलं, "गोड असतंय, कुत्री चाटत्यात आन मरत्यात."

गावात मेकॅनिक मिळत नाही म्हणून मी महिनाभर हिंडत होतो. पण पाण्यावर थंड होणारं इंजिन आमच्या गावाला नवं नव्हतंच. मोटरसायकलला रेडिएटर लागण्याआधी तीस-चाळीस वर्षं ते आमच्या विहिरीवर होतं आणि ते जाणणारा माणूस माझ्या घरापासून चार घरं सोडून राहत होता. मी फक्त मोटरसायकलच्या पाट्या बघत फिरलो.

निघताना धीर करून म्हणालो, "मिस्त्री, त्या उन्हाळ्यात मी खेळायला गेलो होतो."

"म्हाईत हाय," ते हात पुसत म्हणाले. "आता पाण्यावर ध्यान ठेव म्हंजे झालं."

अण्णांना मी ते कधीच सांगितलं नाही. आता सांगायला ते नाहीत, म्हणून इथं लिहून ठेवलं.