वहाण, पायतण आणि कोल्हापुरी : नावांतून दिसणारा इतिहास

महाराष्ट्रातील पादत्राणांचा इतिहास शोधू जाणाऱ्यास वस्तूंपेक्षा शब्दांचा आधार अधिक घ्यावा लागतो. कातडे झिजते, कुजते. शब्द मात्र टिकून राहतो. संस्कृत 'उपानह्' प्राकृतातून येऊन मराठीत 'वहाण' झाला. 'पायतण' हा शब्द 'पादत्राणा'शी आपले नाते सांगतो. ही दोन्ही नावे वस्तूचा उपयोग सांगतात. ती कोठे व कोणी घडविली, याविषयी ती मौन पाळतात. 'कोल्हापुरी' हे नाव त्याहून निराळे आहे. ते गाव सांगते. पण ते पूर्ण सत्य सांगते काय, हे पाहिले पाहिजे.

या चपलेस बंद नाही, बक्कल नाही. अंगठ्यात पाय सरकवला की ती पायात बसते. आडवा पट्टा, दोन्ही बाजूंचे कान आणि कातड्याची वेणी ही तिची ओळख होय. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचे थर कातड्याच्याच वादीने शिवले जातात. खिळ्याचे काम पडत नाही.

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) या व्यवसायास उत्तेजन मिळाले आणि कोल्हापूरची पेठ त्याचे केंद्र बनली. परंतु 'कापशी' हा प्रकार आजही कागल तालुक्यातील गावाचे नाव धारण करतो. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक निर्देशनात तर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्यासह कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे जिल्हेही समाविष्ट आहेत. म्हणजे 'कोल्हापुरी' हे प्राधान्याने पेठेचे नाव होय. निर्मितीचा प्रदेश त्याहून विस्तृत असून तो भाषिक सीमेस जुमानीत नाही.

जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन संस्थेने अशाच घडणीची पादत्राणे मूळ न सांगता मांडली. आक्षेप उठल्यावर तिने भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले. हा आक्षेप रास्तच होता. तथापि मूळ झाकण्याचा दोष केवळ परक्यांचा नव्हे. ज्या समाजाने पादुका पालखीत ठेवून पूजिल्या, त्यानेच वहाण घडविणाऱ्या चर्मकारास व कातडे कमावणाऱ्या ढोरास गावकुसाच्या कडेला ठेवले. पेठेचे नाव जगभर गेले. कारागिराचे नाव दप्तरात क्वचितच आले. या वस्तूचा इतिहास लिहावयाचा तर आरंभ पेठेपासून न करता कातडे कमावण्याच्या कुंडापासून केला पाहिजे.