मोदेना परिसर आणि वेगवान मोटारींची घडण

फेरारी, मासेराती, लॅम्बोर्गिनी आणि पगानी या चार कंपन्यांचे कारखाने उत्तर इटलीतल्या एकाच छोट्या टापूत आहेत. बोलोन्या आणि मोदेना या शहरांमध्ये जेमतेम 40 किलोमीटरचे अंतर आहे आणि हे चारही कारखाने त्यांच्या आसपास, पो नदीच्या सपाट खोऱ्यात वसलेले आहेत. भोवताली गव्हाची आणि चाऱ्याची शेते, द्राक्षमळे, गाईगुरे. जगातल्या सर्वांत वेगवान मोटारी शेतीच्या मुलखात का घडल्या, याचे उत्तर शेतीतच सापडते. मळणीयंत्रे, पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारे लोहार, ओतारी आणि कातारी इथे गावोगाव होते. धातू ओतणे, पत्रा ठोकून आकार देणे आणि यंत्राचा भाग अगदी बारीक मापात घासून बसवणे ही कामे या भागाच्या अंगवळणी पडलेली होती. मोदेनातल्या फेर्मो कोर्नी तंत्रशाळेने अशा कारागिरांच्या पुढच्या पिढ्या तयार केल्या.

पहिला कारखाना मासेराती बंधूंचा. अल्फिएरी मासेराती याने 1 डिसेंबर 1914 रोजी बोलोन्यात मोटारी सज्ज करण्याचे छोटे दुकान सुरू केले. स्वतःच्या नावाची पहिली गाडी निघायला 1926 साल उजाडले. तिच्यावरचे त्रिशूळाचे चिन्ह बोलोन्याच्या चौकातल्या नेपच्यूनच्या पुतळ्यावरून घेतलेले होते. 1937 मध्ये मोदेनाचे उद्योगपती अदोल्फो ओर्सी यांनी ही कंपनी विकत घेतली आणि नंतर ती मोदेनाला हलवली. बोलोन्यातच एदोआर्दो वेबर याने कार्ब्युरेटर बनवण्याचा धंदा उभारला. पुढची कित्येक दशके इटलीच्या वेगवान इंजिनांना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण वेबरच्याच कार्ब्युरेटरमधून मिळत राहिले. सुटे भाग करणारा हाकेच्या अंतरावर असणे हे या टापूचे मोठे बळ होते आणि या इतिहासात त्याला द्यावे तेवढे श्रेय सहसा दिले जात नाही.

एन्झो फेरारीचा जन्म 1898 मध्ये मोदेनाचा. वडिलांचे धातुकामाचे दुकान होते आणि तिथे रेल्वेसाठी भाग बनत. 1929 मध्ये त्याने ‘स्कुदेरिया फेरारी’ हा शर्यतींचा संघ काढला. हा संघ प्रामुख्याने अल्फा रोमिओच्या गाड्या पळवत असे. 1939 मध्ये अल्फाशी फारकत झाली तेव्हा चार वर्षे स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरायचे नाही, ही अट त्याला मान्य करावी लागली. युद्धकाळात त्याच्या कारखान्यात ग्राइंडिंग यंत्रे बनत होती. 1943 मध्ये कारखाना मोदेनाहून दक्षिणेला मारानेल्लो या खेड्यात गेला. युद्धाच्या अखेरच्या काळात त्यावर बॉम्ब पडले आणि तो पुन्हा उभा करावा लागला. याच इमारतीतून 1947 च्या मार्च महिन्यात फेरारी नावाची पहिली गाडी, 125 एस, बाहेर आली.

या गाडीचे इंजिन नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढच्या साऱ्या परंपरेचे बीज त्यात आहे. जोआक्किनो कोलोम्बो या अभियंत्याने केवळ दीड लिटरच्या इंजिनाला बारा सिलिंडर दिले. प्रत्येक सिलिंडरची क्षमता सुमारे 125 सीसी, म्हणून गाडीचे नाव 125. एवढ्या लहान इंजिनाला त्या काळी चार सिलिंडर पुरेसे मानले जात. मात्र पिस्टन जितका लहान आणि हलका, तितका तो वर-खाली होताना जोडदांड्यावर कमी ताण येतो आणि इंजिन तितके जास्त वेगाने फिरवता येते. कोलोम्बोने सिलिंडरचा व्यास 55 मिलिमीटर आणि पिस्टनचा फेरा 52.5 मिलिमीटर ठेवला. पिस्टनचा फेरा व्यासापेक्षा कमी, त्यामुळे इंजिन फिरण्याचा वेग आणखी वाढवता आला. सहा-सहा सिलिंडरच्या दोन रांगा एकमेकींशी 60 अंशांचा कोन करून बसवल्या होत्या; सहा सिलिंडरच्या रांगेत हलत्या भागांचे धक्के एकमेकांना मारून टाकतात आणि इंजिन फारसे थरथरत नाही. मिनिटाला 6,800 फेऱ्यांना 118 अश्वशक्ती मिळाली. 11 मे 1947 रोजी पिआचेन्झाच्या पहिल्या शर्यतीत फ्रांको कोर्तेसे आघाडीवर असताना इंधनाच्या पंपाने दगा दिला. दोनच आठवड्यांनी रोममध्ये तीच गाडी जिंकली. कोलोम्बोचा हा आराखडा पुढे तीन लिटरपर्यंत आणि त्याही पलीकडे वाढत गेला.

इंजिनाचे ओतकाम मारानेल्लोच्या स्वतःच्या फाउंड्रीत होई. गाडीचे अंग मात्र बाहेरचे कारागीर घडवत. मिलानच्या तूरिंग कंपनीने पोलादाच्या बारीक नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवण्याची पद्धत रूढ केली होती. मोदेनात सेर्जिओ स्काल्येत्ती हा पत्रेकाम करणारा कारागीर वाळूने भरलेल्या पोत्यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून हातोडीने आकार काढत असे आणि पुष्कळदा त्याच्यासमोर सविस्तर नकाशाही नसे. नजर आणि हात हीच त्याची मापे होती. 1962 ते 1964 या काळात बनलेल्या फेरारी 250 जीटीओच्या 36 गाड्यांमध्ये कोणत्याही दोन तंतोतंत सारख्या नाहीत, त्याचे कारण हेच.

ही 250 जीटीओ म्हणजे पुढे इंजिन असलेल्या फेरारीचा कळस. जोत्तो बिझ्झारिनी याच्याकडे तिची जबाबदारी होती. त्याने गाडीचा आकार पिसा विद्यापीठाच्या वातबोगद्यात तपासून घेतला. नाक खाली आणि टोकदार, मागची बाजू एकदम कापल्यासारखी. अशा शेपटीमुळे मागे निर्माण होणारे हवेचे भोवरे कमी होतात आणि गाडी मागे कमी ओढली जाते. इंजिन तीन लिटरचे, त्यावर वेबरचे सहा दुहेरी कार्ब्युरेटर आणि ताकद सुमारे 300 अश्वशक्ती. वंगणाचे तेल इंजिनाच्या तळाशी न साठवता वेगळ्या टाकीत ठेवले होते. वळणावर तेल एका बाजूला ढकलले जाऊन पंप कोरडा पडू नये आणि इंजिन आणखी खाली बसवता यावे, असे दोन हेतू त्यात साधले. मागचा ॲक्सल मात्र जुन्या पद्धतीचा, एकसंध होता. फेरारी यंत्राच्या हृदयावर जेवढा जीव लावत असे, तेवढा इतर अवयवांवर लावत नसे. डिस्क ब्रेक ब्रिटिश जग्वारने 1953 मध्येच ल माँची 24 तासांची शर्यत जिंकून सिद्ध केले होते, तरी फेरारीने ते स्वीकारायला दशकाचा शेवट गाठला.

या गाड्यांचा स्वभाव घडवला तो मिल्ले मिल्या या शर्यतीने. 1927 पासून ब्रेशा ते रोम आणि परत, सुमारे 1,600 किलोमीटर, सार्वजनिक रस्त्यांवरून ती धावे. जिंकण्यासाठी गाडी वेगवान असून भागत नसे. डोंगरी वळणे, खडबडीत गावरस्ते आणि तासन्‌तासांची धाव तिला सोसावी लागे. 1957 मध्ये ग्विदित्सोलो गावाजवळ एका फेरारीचा टायर फुटला, चालक आणि सहचालक यांच्यासह रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक मारले गेले आणि त्यांत मुलेही होती. एन्झो फेरारीवर खटला चालला आणि काही वर्षांनी तो निर्दोष सुटला. पण सार्वजनिक रस्त्यांवरची ही शर्यत त्या वर्षी संपली. वेगाची किंमत बघायला उभे राहिलेले लोक मोजतात, ही गोष्ट या इतिहासातून वगळता येत नाही.

इंजिन पुढे की मागे, हा वाद याच सुमारास पेटला. बैल गाडी ओढतो, ढकलत नाही, असे एन्झो फेरारी म्हणत असल्याचे सांगितले जाते. दरम्यान ब्रिटनमधल्या कूपर या छोट्या कारखान्याने चालकाच्या मागे इंजिन ठेवून 1959 आणि 1960 ची फॉर्म्युला वनची विजेतेपदे घेतली. यामागचे कारण सरळ आहे. इंजिन हा गाडीतला सर्वांत जड भाग. तो एका टोकाला असला की वळणावर गाडीला फिरवायला जास्त बळ लागते आणि फिरलेली गाडी थांबवायलाही तेवढेच. तोच भाग दोन ॲक्सलच्या मध्ये, गाडीच्या गुरुत्वमध्याजवळ आणला की गाडी चटकन वळते. शिवाय मागच्या चाकांवर वजन आल्याने त्यांची पकड वाढते. 1961 मध्ये फेरारीनेही शर्यतीच्या गाडीत इंजिन मागे नेले आणि 1963 मध्ये अशीच गाडी ल माँला जिंकली. तरी गिऱ्हाइकांसाठीच्या बारा सिलिंडरच्या गाडीत हे करायला मारानेल्लो धजत नव्हते. सामान्य चालकाच्या हातात अशी गाडी धोकादायक ठरेल, ही भीती निराधार नव्हती.

ते धाडस केले शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याने. फेर्रुच्चो लॅम्बोर्गिनी हा चेन्तोजवळच्या शेतकरी घरातला. युद्धानंतर लष्कराची भंगारातली यंत्रसामग्री वापरून त्याने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली आणि तो श्रीमंत झाला. स्वतःच्या फेरारीच्या क्लचची तक्रार घेऊन तो एन्झोकडे गेला आणि अपमानित होऊन परतला, ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. ती जशीच्या तशी घडली असो वा नसो, 1963 मध्ये सांताआगाता बोलोन्येझे येथे त्याचा मोटारींचा कारखाना उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी फेरारीतून बिझ्झारिनीसह अनेक वरिष्ठ माणसे एकाच वेळी बाहेर पडली होती. लॅम्बोर्गिनीचे बारा सिलिंडरचे इंजिन त्याच बिझ्झारिनीने आखले. त्याला झडपा उघडणारे चार कॅमशाफ्ट होते, तर फेरारीच्या रस्त्यावरच्या गाड्या तेव्हा दोनांवर चालत होत्या.

जानपाओलो दाल्लारा, पाओलो स्तान्झानी आणि न्यूझीलंडचा चाचणीचालक बॉब वॉलेस हे तिघे तरुण तिथे एकत्र आले. बारा सिलिंडरचे लांबलचक इंजिन चालकाच्या मागे उभे ठेवले तर गाडी फार लांब होते. म्हणून त्यांनी ते आडवे बसवले. ब्रिटनच्या मिनी या छोट्या गाडीत आडव्या इंजिनाची युक्ती 1959 पासून वापरात होती. त्यांनी गिअरबॉक्सही इंजिनाच्याच ओतीव कवचात घातली. नुसती चासी 1965 मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात मांडली गेली. तिच्यावर बेर्तोने या गाड्यांची अंगे घडवणाऱ्या कंपनीच्या मार्चेल्लो गांदिनीने अंग चढवले आणि मार्च 1966 मध्ये जिनिव्हात मिउरा ही गाडी अवतरली. इंजिन 3,929 सीसीचे, 350 अश्वशक्तीचे. आजच्या अतिवेगवान मोटारीची ठेवण रस्त्यावरच्या गाडीत आणण्याचा मान मिउराचाच. तिचे दोषही तिच्या रचनेतूनच आलेले होते. इंजिन आणि गिअर एकाच तेलावर चालत असल्याने गिअरच्या दात्यांची झीज इंजिनाला बाधू शकत असे. एसव्ही या शेवटच्या प्रकारातल्या नंतरच्या गाड्यांत ही दोन्ही तेले वेगळी केली गेली. पेट्रोलची टाकी पुढे असल्याने ती रिकामी होत गेली की भर वेगात नाक हलके होई. इंजिनाची उष्णता आणि आवाज चालकाच्या डोक्यामागेच.

हे दोष दूर करताना स्तान्झानीने फार हुशारीची रचना केली. 1971 मध्ये जिनिव्हात दिसलेल्या आणि 1974 पासून विकल्या गेलेल्या कुंताशमध्ये त्याने इंजिन पुन्हा लांबीच्या दिशेने, पण उलट तोंडाने बसवले. गिअरबॉक्स इंजिनाच्या पुढे, दोन आसनांच्या मध्ये आली. शक्ती आधी पुढे जाई आणि मग तेलाच्या तळभांड्यातून गेलेल्या दांड्याने मागच्या डिफरन्शिअलपर्यंत परत येई. यामुळे वजन गाडीच्या मध्याजवळ राहिले आणि गिअरचा दांडा थेट चालकाच्या हाताखाली आला. रेडिएटर दोन्ही बाजूंना गेले, म्हणून तिथे हवा ओढणारी मोठी तोंडे आली. दरवाजे वर उघडत. 1973 च्या तेलसंकटाच्या काळात फेर्रुच्चोने कंपनी विकून टाकली, तरी कुंताश 1990 पर्यंत बनत राहिली.

फेरारीने 1969 मध्ये फियाटला निम्मा हिस्सा दिला आणि त्यानंतरच बारा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या मागे बसवलेली बर्लिनेत्ता बॉक्सर 1973 मध्ये बाजारात आणली. एन्झोच्या हयातीतली शेवटची मोठी गाडी म्हणजे 1987 ची एफ 40. आठ सिलिंडर, 2,936 सीसी, दोन टर्बोचार्जर आणि 478 अश्वशक्ती. टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या वायूंनी चक्र फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबतो. मात्र चक्राला गती यायला क्षणभर लागतो आणि मग ताकद एकदम अंगावर येते. एफ 40 चालवणाऱ्याला तो क्षण ओळखायला शिकावे लागे. अंगाचे भाग कार्बन आणि केव्हलार तंतूंचे. आत गालिचा नाही, दार उघडायला नुसती एक तार. कंपनीने सांगितलेला सर्वोच्च वेग ताशी 324 किलोमीटर होता.

कार्बन तंतूंचा खरा ध्यास लागला तो अर्जेंटिनाहून आलेल्या ओरासिओ पगानीला. त्याने लॅम्बोर्गिनीत काम करताना 1987 मध्ये कुंताशची कार्बनी प्रायोगिक आवृत्ती केली. रेझिनमध्ये भिजवलेले तंतूंचे कापड साच्यात थर देऊन बसवायचे आणि ऑटोक्लेव्ह या बंद भट्टीत दाबाखाली भाजायचे, अशी ही रीत. कंपनी ऑटोक्लेव्ह घ्यायला तयार नव्हती, तेव्हा त्याने कर्ज काढून स्वतः घेतला, असे सांगितले जाते. 1999 मध्ये त्याची स्वतःची झोंडा आली. लॅम्बोर्गिनीने 2011 च्या अव्हेन्टाडोरमध्ये प्रवाशांचा संपूर्ण कक्ष कार्बनचा केला. त्याचे वजन 147.5 किलो भरले.

याच काळात शर्यतीतल्या आणखी काही गोष्टी रस्त्यावर उतरल्या. स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलण्याची सोय फेरारीने 1989 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये आणली आणि 1997 मध्ये एफ 355 मध्ये दिली. त्याच एफ 355 चा तळ बंद करून हवा अशी वाहती केली होती, की गाडी रस्त्याला दाबली जाईल. 2002 च्या एन्झो गाडीत सिरॅमिकचे ब्रेक आले, ते तापूनही पकड सोडत नाहीत.

इंजिनाच्या मदतीला विजेची मोटार 2013 च्या ला फेरारी या गाडीत आली. बारा सिलिंडरच्या 800 अश्वशक्तीला तिने 163 ची जोड दिली. इंजिनाला फेऱ्या पकडायला लागणारा वेळ विजेची मोटार भरून काढते, कारण तिचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो. 2023 मध्ये लॅम्बोर्गिनीच्या रेव्हुएल्टोत साडेसहा लिटरच्या इंजिनासोबत तीन विजेच्या मोटारी बसवल्या आणि एकूण ताकद हजार अश्वशक्तीच्या पलीकडे गेली. तिच्यात गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे आडवी नेली आहे. कुंताशपासून अव्हेन्टाडोरपर्यंत गिअरबॉक्स बसत असे त्या दोन आसनांमधल्या बोगद्यात आता बॅटरी ठेवलेली असते.