आधी कोण, मागून कोण? मावळच्या लेखांतील गणित

चैत्रात एकवीरेच्या यात्रेला जाणारा माणूस कार्ल्याचा डोंगर चढतो, देवीचे दर्शन घेतो आणि शेजारच्या मोठ्या लेण्यात दोन घटका सावलीला टेकतो. तिथल्या भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मी अक्षरे कोरलेली आहेत. तिकडे लक्ष गेलेच तर तो सोबत्याला विचारतो, "हे किती जुने हो?" कोणी म्हणतो, पांडवांनी केले; कोणी म्हणतो, दोन हजार वर्षांचे. प्रश्न रास्त आहे. पण गंमत अशी की या लेखांत आपल्या ओळखीचे साल नाही. फार तर अमुक राजाचे सातवे वर्ष, तमुक राजाचे चोविसावे वर्ष, एवढेच. मग कोणता लेख आधीचा आणि कोणता मागूनचा, हे पंडितांनी ठरवले तरी कसे? याचे उत्तर गणितात आहे. आणि ते गणित अवघड मुळीच नाही.

आपण रोज नाती सांगतो. गणितात त्यालाच 'संबंध' म्हणतात. पण सगळ्या नात्यांचा स्वभाव एक नसतो. मी तुमचा सोयरा, तर तुम्हीही माझे सोयरे. हे नाते दोन्हीकडून सारखे. मात्र सोयऱ्याचा सोयरा आपला सोयरा असेलच असे नाही. आता 'थोरला' हे नाते घ्या. दगडू गणूपेक्षा थोरला असेल तर गणू दगडूपेक्षा थोरला असणार नाही. आणि दगडू गणूपेक्षा थोरला, गणू धोंडूपेक्षा थोरला, तर दगडू धोंडूपेक्षा थोरला हे न विचारता कळते. लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेल्या गाडीचेही तसेच. मळवली कामशेतच्या अगोदर, कामशेत वडगावच्या अगोदर. म्हणून मळवली वडगावच्या अगोदर. त्यासाठी घड्याळ लागत नाही. इतिहासातले 'आधी' हे नाते याच जातीचे आहे. साल ठाऊक नसले तरी एक एक कडी जुळवीत साखळी करता येते.

ही साखळी कार्ल्याला जुळवून पाहू. तिथल्या एका लेखात उषवदात या दात्याचे नाव आहे. हा नहपान क्षत्रपाचा जावई. त्याने वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंसाठी करजिक नावाचे गाव दिले. वलूरक म्हणजेच आपले कार्ले. दुसऱ्या एका लेखात एका राजाने मामाल येथील अधिकाऱ्याला आज्ञा केली आहे, की करजिक गाव या भिक्षूंना द्यावे. मामाल म्हणजे मावळ! आपल्या मुलखाचे नाव इतके जुने आहे. पण या लेखात राजाचे नाव जिथे असायला हवे, तिथेच अक्षरे उरलेली नाहीत. आणखी एक लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या चोविसाव्या वर्षाचा आहे; त्यात नऊ खोल्यांच्या मंडपाच्या दानाची नोंद आहे.

आता कड्या जोडायच्या. पहिली कडी मावळात नाही, नाशिक जिल्ह्यात आहे. १९०६ साली तिथल्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी १३ हजारांहून अधिक, सगळी मूळची नहपानाची. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. खाली नहपानाचा मुखवटा, वर सातकर्णीची खूण. भिंतीला दोनदा रंग दिला तर वरचा रंग मागूनचा, यात वाद कसला? नहपानाचे नाणे आधी, सातकर्णीचा ठसा मागून. दुसरी कडी नाशिकच्या लेण्यात आहे. पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षीच्या लेखात राजमाता गौतमी बलश्री आपल्या पुत्राचे, गौतमीपुत्राचे, पराक्रम सांगते. नहपान ज्या क्षहरात कुळातला, त्या कुळाचा त्याने उच्छेद केला असे त्यात म्हटले आहे. म्हणजे नहपान, मग गौतमीपुत्र, मग पुळुमावी. कार्ल्यातला उषवदाताचा लेख पुळुमावीच्या चोविसाव्या वर्षाच्या लेखाआधीचा, हे एकाही इसवी सनाशिवाय सिद्ध झाले.

आणि तो नाव नसलेला राजा? क्षत्रपांनी दिलेले गाव नव्या सत्तेने पुन्हा भिक्षूंकडे चालवले, असा प्रसंग दिसतो. मुलूख नहपानाकडून गौतमीपुत्राकडे गेला, हे आपण नाण्यांवरून पाहिले. म्हणून विद्वान ती आज्ञा गौतमीपुत्राची मानतात. पण इथे शब्द जपून वापरायला हवा. ठशावर ठसा, हे 'नक्की'. राजाचे नाव, हे 'बहुधा'. या दोन शब्दांतले अंतर ज्याला कळले त्याला इतिहास वाचता येऊ लागला असे समजा.

'बहुधा' म्हणजे अंदाजपंचे नव्हे. तेही मोजता येते. त्याच शास्त्राला संभाव्यता म्हणतात. ते इतिहासाच्या कामाला कसे लावावे, हे दाखवणारा एक मोठा गणिती याच मावळाच्या वाटांवर हिंडला. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातला, १९०७ चा. त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले. पुढे १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले. राहणे पुण्याला आणि काम मुंबईला, म्हणून दख्खनच्या राणीने त्यांची नेहमी ये-जा असे. कार्ले, भाजे, बेडसे हा मुलूख त्यांनी पायांखाली घातला आणि गावोगावची देवींची ठाणी पाहिली. १९६६ साली ते वारले.

कोसंबींपुढे कोडे होते ते फार जुन्या चांदीच्या नाण्यांचे. या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. एका बाजूला पाच ठसे, दुसऱ्या बाजूला लहान लहान खुणा. यांत आधीचे कोणते? इथे ठशावर ठसा पाहून निकाल लागण्यासारखा नव्हता. त्यांनी काटा हाती घेतला आणि नाणी एक एक करून तोलली.

विचार साधा होता. नाणे हातोहात फिरते तसे कणाकणाने झिजते. म्हणून पुष्कळ फिरलेल्या नाण्यांचे सरासरी वजन कमी भरते. शिवाय प्रत्येक नाण्याच्या नशिबी सारखा प्रवास नसतो. एक पेटीत पडून राहते, दुसरे रोज बाजारात जाते. म्हणून जुन्या नाण्यांत आपापसांतला फरकही वाढत जातो. साल छापलेली चालू नाणी तोलून त्यांनी हे ताडून पाहिले. मग तक्षशिलेला १९२४ साली सापडलेल्या साठ्यातली नाणी घेतली. मागच्या बाजूच्या खुणा जितक्या जास्त, तितके सरासरी वजन कमी, असा संबंध निघाला. या साठ्यात सिकंदराची आणि त्याच्यामागून आलेल्या फिलिपाचीही नाणी होती. फिलिप इसवी सनापूर्वी ३२३ ते ३१७ या काळात राजा होता. त्यामुळे साखळीला एक खुंटीही मिळाली. कोसंबींचा हा अभ्यास १९४१ साली प्रसिद्ध झाला.

पण एक नाणे हलके निघाले म्हणजे ते जुने, असे म्हणता येईल काय? नाही. ते टाकसाळीतूनच हलके आले असेल. समजा, दोन ढिगांतून एक एक नाणे उचलले आणि पहिल्या ढिगातले हलके निघाले. दोन्ही ढीग सारखेच असले तरी असे दोनांत एकदा घडणारच, छापा-काटा केल्यासारखे. लागोपाठ दोनदा पहिलेच हलके निघण्याची शक्यता चारांत एक. तीनदा, आठांत एक. दहा वेळा दहाही खेपेला पहिलेच हलके निघाले, तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता १०२४ मध्ये एक! आता 'ढीग सारखेच आहेत' हे म्हणणे सोडून देणे शहाणपणाचे. ठशावर ठसा दिसला तर आधी-मागून सांगायला एक नाणेही पुरते. वजनावरून बोलायचे तर ढीग लागतो.

शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. एकाच धातूची, एकाच छापाची, पण वेगवेगळ्या सालांची नाणी मुलांकडून गोळा करावीत आणि सोनाराच्या काट्यावर तोलावीत. सालाची आणि वजनाची जोडी फळ्यावर मांडावी. नवी नाणी फार झिजत नाहीत, त्यामुळे फरक दिसेलच असे नाही. दिसला नाही तर 'दिसला नाही' असेच लिहावे. तोही धडाच आहे.

आणि शेतकरी बंधूंनो, यात तुमचाही मोठा वाटा आहे. नांगराच्या फाळाला कधी गाडगे लागते, विहीर खणताना कधी नाणी निघतात. चार नाणी याने घेतली, चार त्याने, उरलेली सोनाराच्या मुशीत गेली, की चांदीची किंमत तेवढी हाती राहते. कोणते नाणे कोणाबरोबर पुरले होते, हे नाते मात्र कायमचे तुटते. जोगलटेंभीचा साठा असा मुठीमुठीने वाटला गेला असता, तर मूठभर नाण्यांवरून एवढी मोठी गोष्ट कोण मानता? १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा सापडला तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. पण कायद्याचे भय राहू द्या. ठेवा सापडला तर तो धुऊ नका, घासू नका, वाटू नका; गाडग्यासकट तसाच ठेवा आणि तलाठ्याला किंवा शाळेच्या गुरुजींना बोलवा. एका नाण्याचे मोल सोनार सांगेल. साऱ्या साठ्याचे मोल सांगायला तो साठा एकत्र असावा लागतो.