पेटी जुनी, भिंग नवे

व्यक्तिचित्रण म्हणजे माणसाचा चेहरा हाच मुख्य विषय मानणारे छायाचित्रण, आणि त्याच्या इतिहासावर उंची साधनांइतकाच अपुऱ्या भांडवलाचाही ठसा आहे. हाताशी थोडीच रक्कम असताना ती कॅमेऱ्याच्या पेटीवर खर्चावी, भिंगावर खर्चावी की उजेडाची सोय करण्यावर खर्चावी, हा प्रश्न १८४० पासून प्रत्येक पिढीतील छायाचित्रकारापुढे उभा राहिला. त्याची उत्तरे काळानुसार बदलली असली, तरी ज्यांनी पेटी सर्वांत शेवटी बदलली त्यांचा व्यवहार बहुधा फायद्याचा ठरला, असे या व्यवसायाचा मागोवा घेतल्यास दिसते.

१८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली, तेव्हा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटवण्यासाठी वापरले जाणारे शेवालिये यांचे भिंग मुख्यतः निसर्गदृश्यांसाठी योग्य होते. त्याचे छिद्रमान, म्हणजे भिंगाच्या नाभीय अंतराला प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागून येणारा आकडा, साधारण एफ/१५ च्या आसपास होते. हा आकडा जितका मोठा तितका आत येणारा प्रकाश कमी, त्यामुळे भर उन्हातही माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेत्सवाल यांनी १८४० मध्ये आकडेमोड करून जे भिंग आखले आणि फोइग्टलेंडर या कारखान्याने जे घडवले, त्याचे छिद्रमान एफ/३.६ होते. प्रकाशाचे प्रमाण या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने ते आधीच्या भिंगापेक्षा सतरा-अठरापट प्रकाश आत घेई, आणि पत्र्यावर ब्रोमिनची प्रक्रिया करून त्याची संवेदनशीलता वाढवण्याची युक्ती त्याच सुमारास हाती आल्यावर मिनिटांचे काम सेकंदांवर आले. या भिंगात मोठा दोष होता. चित्राचा मध्य रेखीव येई, पण कडांकडे सारे अस्पष्ट होऊन भोवऱ्यासारखे फिरल्यागत दिसे. निसर्गदृश्याला जो दोष मारक ठरला असता, तो व्यक्तिचित्राला उपकारक ठरला, कारण चेहरा मध्यभागीच असतो आणि त्याच्या मागचे जग पुसट झालेलेच बरे असते.

येथे एक यांत्रिक बाब ध्यानात घ्यावी लागते. त्या काळचे भिंग पितळी नळीत बसवलेले असे आणि ती नळी एका लाकडी फळीवर पक्की करून ही फळी कॅमेऱ्याच्या पुढच्या खाचेत सरकवली जाई. पेटीचे काम एवढेच की तिच्यात बाहेरचा उजेड शिरू नये आणि मागची काच भिंगापासून हवी तितकी पुढेमागे करता यावी. हे काम कुशल सुतारालाही जमण्याजोगे होते. भिंग मात्र सुताराला घडवता येत नव्हते. त्यामुळे पेटी जवळच्या कारागिराकडून करून घ्यावी आणि वाचलेले पैसे भिंगात घालावेत, हा हिशेब अगदी आरंभापासून शक्य होता, आणि पेटी मोडली तरी भिंग दुसऱ्या पेटीवर चढवता येत असल्याने एका भिंगाचे आयुष्य अनेक पेट्यांना पुरे.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवर कलोडियन या चिकट द्रावाचा ओला थर देऊन चित्र घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि तिचे एकस्व घेतले नाही, त्यामुळे व्यवसायात उतरण्याचा खर्च एकाएकी घटला. पुढे १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी यांनी अनेक भिंगांच्या कॅमेऱ्याने एकाच काचेवर आठपर्यंत लहान चित्रे घेण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळवले. भेटपत्रिकेच्या आकाराची ही चित्रे स्वस्त असल्याने मध्यमवर्गात त्यांचा सुळसुळाट झाला. या काटकसरीने चित्राचे रूपही ठरवले, कारण एवढ्या लहान चित्रात बहुधा माणूस उभा, नखशिखान्त दाखवला जाई, चेहरा नखाएवढा येई आणि भिंगाचे किरकोळ दोष कोणाच्या लक्षातही येत नसत.

मुंबईत ही कला लवकर पोहोचली. १८५४ मध्ये तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही या पहिल्या पिढीतील ठळक नावे होत. काच, रसायने आणि भिंगे विलायतेहून येत असल्याने खर्चाचा मोठा भाग त्यांवरच जाई. उजेड मात्र फुकट होता, तरी तो वापरण्याजोगा करण्यासाठी घराची रचना बदलावी लागे. उत्तरेकडून येणारा सौम्य, दिवसभर फारसा न बदलणारा प्रकाश मिळावा म्हणून त्या बाजूच्या छपराला काचा बसवत आणि ऊन प्रखर झाल्यास आतून पातळ पडदे ओढत. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत कॅमेऱ्याच्या घडीदार भात्याच्या चामड्याला बुरशी धरे, लाकूड फुगे, सांधे सुटत आणि भिंगाच्या आतही बुरशीचे जाळे पसरे, म्हणून उष्ण प्रदेशांसाठी सागवानी, पितळी पट्ट्यांनी आवळलेले कॅमेरे वेगळे बनवले जात. लाला दीनदयाळ यांच्यासारख्या राजाश्रय लाभलेल्या छायाचित्रकाराला मुंबईत प्रशस्त स्टुडिओ थाटता आला; लहान गावातील व्यावसायिकाच्या वाट्याला मात्र रंगवलेला पडदा, एक खुर्ची, एक तिपाई आणि खिडकीचा उजेड एवढेच येई, आणि आजच्या संग्रहांत जपलेले कित्येक चेहरे याच सामग्रीतून उतरले आहेत.

साधने क्रमाक्रमाने वाढवण्याचे उत्तम उदाहरण कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांचे आहे. १८६३ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांना पहिला कॅमेरा भेट मिळाला. त्याचे भिंग पेत्सवालच्या धर्तीचे होते. इंग्लंडमधील आपल्या घरी त्यांनी कोळशाच्या खोलीला अंधारखोली केले आणि काचेच्या कोंबडखान्याला स्टुडिओ केले, म्हणजे जागेवर जवळजवळ काहीच खर्च केला नाही. त्या छिद्र पुरते उघडे ठेवून काम करत. त्यामुळे चेहऱ्याचा एखादाच भाग रेखीव येऊन उरलेला विरघळल्यासारखा दिसे आणि समकालीन तज्ज्ञ त्यावर टीका करत. दोन-अडीच वर्षांनंतर, १८६६ मध्ये, त्यांनी मोठ्या काचेचा कॅमेरा आणि डालमायर यांचे लांब नाभीय अंतराचे भिंग घेतले आणि त्यानंतर त्यांची चित्रे जवळजवळ चेहऱ्याच्या खऱ्या आकाराची होऊ लागली. पहिल्या साधनाची मर्यादा नेमकी कोठे आहे हे कामातून कळल्यावरच हा बदल झाला, म्हणून तो सार्थ ठरला. जुनी चित्रे त्याने फिकी पडली असे मात्र कोणी म्हणणार नाही.

१८७१ मध्ये मॅडॉक्स यांनी सुचवलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचांमुळे रसायने जागेवरच लावण्याचा त्रास संपला, तर १९०० मध्ये कोडॅकने एक डॉलरला विकलेल्या ब्राउनी पेटीने कॅमेरा सामान्य घरात नेला. अशा पेटीतील भिंग जवळच्या वस्तूवर रोखता येत नसल्याने चेहरा लहान येई. त्यावर तोडगा म्हणून पुढे लावायचे एक लहानसे जोडभिंग कोडॅक वेगळे विकत असे. कदाचित व्यक्तिचित्रणासाठीची ही सर्वांत स्वस्त सुधारणा असावी.

स्वातंत्र्यानंतर भारतात आयातीवर कडक नियंत्रणे आली आणि परदेशी कॅमेरा ही अप्राप्य किंवा दामदुपटीने मिळणारी वस्तू झाली. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा साध्या भिंगाचा कॅमेरा घराघरांत पोहोचला, आणि फिल्मसाठी उदकमंडलम येथे १९६० मध्ये हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. गावोगावच्या स्टुडिओंचा आधार मात्र यशिका किंवा रोलायकॉर्डसारखा दोन भिंगांचा कॅमेरा हा होता, ज्यात वरच्या भिंगातून छायाचित्रकार पाहतो आणि खालच्या भिंगातून चित्र उमटते. एका १२० रोलवर बारा चौरस चित्रे मिळत, म्हणजे पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या गिऱ्हाइकावर दोनच चित्रे खर्ची घालून पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहता येई.

या कॅमेऱ्यांची एक अडचण होती. त्यांचे भिंग साधारण ८० मिलिमीटरचे, म्हणजे त्या आकाराच्या फिल्मसाठी सर्वसामान्य दृष्टिकोनाचे. चेहऱ्याने चौकट भरायची तर खूप जवळ जावे लागे आणि जवळून घेतलेल्या चेहऱ्यात नाक मोठे व कान आत गेलेले दिसतात. हा विकार भिंगाचा नसून अंतराचा आहे, आणि त्यावर स्टुडिओवाल्यांनी शोधलेला उपाय फुकटचा होता. ते पाच-सहा फूट मागे उभे राहून चित्र घेत आणि एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणाऱ्या यंत्राखाली, हवा तेवढा मधला भाग निवडत. निगेटिव्हचा निम्मा भाग सोडला, तरी उरलेला भाग ३५ मिलिमीटरच्या पूर्ण चौकटीच्या पावणेदोनपट असे. ज्यांना पुढे जमले त्यांनी मामियाचा सी मालिकेतील कॅमेरा घेतला, कारण त्यात भिंगांची जोडी बदलता येई आणि आधी ८० मिलिमीटरची व काही वर्षांनी १३५ किंवा १८० मिलिमीटरची जोडी घेण्याची सोय होती. पेत्सवालच्या काळातील फळीच्या खाचेची युक्ती येथे धातूच्या रूपात परत आली, असे म्हणता येईल. उजेडासाठी फोटोफ्लडचे दिवे, नंतर हॅलोजन आणि छत्रीवर मारलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आले. सावली मऊ करण्यासाठी मात्र महागड्या परावर्तकाऐवजी पांढरी चादर आणि पुढे थर्माकोलचा तुकडा हेच कामाला येत, आणि निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने केलेले रिटचिंग सुरकुत्या व मुरुमांचे खड्डे भरून काढी.

३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांकडे स्टुडिओ वळले ते मुख्यतः प्रत्येक चित्रामागचा खर्च कमी पडत असल्याने. निगेटिव्हचा आकार घटला हा त्यातील उघड तोटा होता. सोव्हिएत बनावटीचा झेनिट आणि त्यावरील हेलिओस हे ५८ मिलिमीटर, एफ/२ चे भिंग ही स्वस्त जोडी या काळातील महत्त्वाची होय. झाइसच्या बायोटारवर बेतलेले हे भिंग आटे फिरवून बसवण्याच्या पद्धतीचे असल्याने दुसऱ्या अनेक कॅमेऱ्यांवरही चढे.

डिजिटल काळात पेटीचे मोल झपाट्याने उतरले, कारण तिच्यातील संवेदक, म्हणजे फिल्मच्या जागी चित्र टिपणारा घटक, दर काही वर्षांनी जुना ठरू लागला. कॅननने १९८७ मध्ये आणलेले ५० मिलिमीटर, एफ/१.८ चे भिंग मात्र टिकून राहिले. चौकट लहान असलेल्या संवेदकावर त्याचा दृष्टिकोन ३५ मिलिमीटर फिल्मच्या पूर्ण चौकटीवरील ८० मिलिमीटरच्या भिंगासारखा होतो, म्हणजे चेहऱ्यासाठी हवा तेवढा; म्हणूनच जुनी पेटी ठेवून सोबतचे झूम भिंग बाजूला करणाऱ्या नवशिक्याची पहिली खरेदी बहुधा हीच असते. किंमत खाली आणण्यासाठी कंपनीने १९९० च्या आवृत्तीत कॅमेऱ्याला जोडली जाणारी धातूची कडी काढून तिथे प्लॅस्टिकची बसवली होती. २०१५ च्या आवृत्तीत धातूची कडी परत आली.