हातोडा, भट्टी आणि धातूची स्मृती

पेशवाईचा इतिहास आपण बहुधा लढायांतून वाचतो. पण त्याच काळात कोकणातून तांबट पुण्यास आले, कसबा पेठेत त्यांची आळी वसली, आणि त्यांच्या ठोक्यांतून एक निराळा इतिहास घडला. तो धातूच्या ज्ञानाचा इतिहास होय.

तांब्याचा पत्रा ठोकला की कडक होतो. ठोकतच राहिले तर चिरतो. म्हणून तांबट तो मध्येच भट्टीत लाल करतो आणि पत्रा पुन्हा मऊ पडतो. असे का व्हावे? धातू म्हणजे सूक्ष्म कणांची वीण, आणि प्रत्येक कणात अणूंच्या रांगा. घावाने रांगांत दोष वाढतात, ते एकमेकांत गुंततात, आणि धातू वाकण्यास विरोध करतो. पुरेशा उष्णतेने त्या जागी नवे, सरळ रांगांचे कण वाढतात. घडलेले भांडे मात्र तांबट शेवटी मठारतो, आणि त्यानंतर भट्टी नाही. कारण तो कडकपणा त्याला भांड्यात ठेवायचाच असतो.

१९५९ साली अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचा अभ्यास हाती घेतला. त्यातून निटिनॉल पुढे आला. हा धातू गार असता वाकवावा आणि तापवावा, की मूळ आकार धरतो. कारण तापमानाबरोबर त्याच्या अणूंची मांडणी पालटते व पूर्ववत होते. पण हा गुण भरवशाचा व्हावा म्हणून तो गार असताच रुळांतून दाबून काढतात; मग हव्या आकारात घट्ट धरून सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवतात. उष्णता कमी पडली, तर दोषांचा गुंता मांडणीच्या पालटास अडवतो. ८०० अंशांपर्यंत नेली, तर गुंता पुसून नवे कण वाढतात. धातू मऊ पडतो आणि ताण आला की थोडा कायमचाच वाकून राहतो. रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या काही जाळ्या याच धातूच्या असतात. तेथे ही चूक परवडणारी नाही.

तांबटाने हा तोल रंगावरून आणि आवाजावरून ओळखला. मी स्वतः शाळेत फार शिकलो नाही. हे पुस्तकांतून आणि कामगारांच्या तोंडून जमवले. आज नवलाख उंबऱ्याच्या शिवारापर्यंत कारखाने आले आहेत. भट्टीवर आकडा लावणाऱ्याला तो आकडा तेवढा सांगतात, कारण सांगत नाहीत. मजुरीसाठी आम्ही भांडतोच. पण ते कारण समजून घेण्याचा हक्कही कामगाराचा आहे, आणि तोही आपण मागितला पाहिजे.