‘झाले’ की ‘केले’? मुख्यमंत्र्यांच्या यादीचे एक वाचन

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी, एक तक्ता लावलेला आहे. ‘महाराष्ट्राचे मुख्यमंत्री’ हे त्याचे शीर्षक. त्यात रकाने तीनच : नाव, केव्हापासून, केव्हापर्यंत. मुले तो तोंडपाठ करतात, कारण परीक्षेत त्यावर हमखास एक गुण मिळतो. आम्ही मराठीचे अध्यापक. राज्यशास्त्र वा इतिहास हा आमचा अधिकृत प्रांत नव्हे. परंतु व्याकरणाच्या एका तासाला प्रयोग शिकवताना ‘वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले’ असे वाक्य आम्ही फळ्यावर लिहिले आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, “झाले म्हणजे? त्यांना कुणी केलं?” वर्ग हसला. आम्हीही हसलो. घरी परतताना मात्र तो प्रश्न मनातून जाईना.

मराठीत ‘होणे’ हे मोठे सोयीचे क्रियापद आहे. पाऊस होतो, पहाट होते, तसा माणूस मुख्यमंत्रीही होतो. ‘करणे’ म्हटले की करणाऱ्याचे नाव सांगावे लागते. ‘होणे’ म्हटले की त्याची गरज उरत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे या राज्याच्या सत्तेचा बराचसा इतिहास या दोन क्रियापदांमधल्या अंतरात दडलेला आहे. तक्ता ‘झाले’ची नोंद ठेवतो, ‘केले’ची नोंद वाचकाने स्वतः शोधायची असते.

कायद्याचे उत्तर सरळ आहे. राज्यघटनेच्या १६४व्या अनुच्छेदानुसार मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते. मतदार निवडतो तो आमदार. आमदारांच्या बहुमताचा विश्वास ज्याच्यावर, तो मुख्यमंत्री. ही साखळी कागदावर निर्दोष आहे. प्रत्यक्षात तिच्यात आणखी एक कडी नेहमीच राहिली, आणि ती घटनेत कुठेही लिहिलेली नाही.

तक्ता १९६० पासून सुरू होत असला तरी गोष्ट १९३७ पासून सांगायला हवी. १९३५च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि १ एप्रिल १९३७ रोजी ती अमलात आली. त्या काळी प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखालाही ‘पंतप्रधान’ म्हणत. निवडणुकीत सर्वांत मोठा पक्ष ठरलेल्या काँग्रेसने प्रारंभी सत्ता स्वीकारण्यास नकार दिला, म्हणून मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधानपद साताऱ्याच्या सर धनजीशा कूपर यांच्याकडे गेले. हे मंत्रिमंडळ जेमतेम साडेतीन महिने टिकले. जुलैमध्ये काँग्रेसने सत्ता स्वीकारली आणि बाळ गंगाधर खेर पंतप्रधान ‘झाले’. तोवर मुंबई शहरात नाव घेतले जात होते ते प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष खुर्शेद नरिमन यांचे. नरिमन यांनी सरदार पटेलांवर ठपका ठेवला. प्रकरण महात्मा गांधी आणि डी. एन. बहादुरजी यांच्या चौकशीपर्यंत गेले आणि निर्णय नरिमन यांच्या विरोधात लागला. खेर हे सज्जन आणि कर्तबगार गृहस्थ होते, याबद्दल दुमत नाही. मुद्दा वेगळा आहे. आपल्या प्रांताचा पहिला काँग्रेसी शासनप्रमुख ठरला, तेव्हाच ‘याला कुणी केले?’ हा प्रश्न जन्माला आला होता. मागच्या बाकावरचा आमचा विद्यार्थी त्या परंपरेतलाच म्हणायचा.

युद्धाच्या प्रश्नावर १९३९ साली काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि १९४६ पर्यंत प्रांतात गव्हर्नरांची राजवट राहिली. १९४६ मध्ये खेर परत आले. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर मुख्यमंत्रिपदी मोरारजी देसाई आले. त्या निवडणुकीत ते स्वतः अवघ्या १९ मतांनी पराभूत झाले होते! मतदाराने नाकारलेला माणूस मुख्यमंत्री होऊ शकतो, हे पहिल्याच प्रौढ मतदानाच्या निवडणुकीने दाखवून दिले. त्यात बेकायदा काहीच नव्हते. सभागृहाचा सदस्य होण्यासाठी घटना सहा महिन्यांची सवड देते.

१९५६चा प्रसंग या यादीत अपवादासारखा उठून दिसतो. द्वैभाषिक मुंबई राज्य स्थापन होत असताना मोरारजींनी नेतेपदी एकमताने निवड व्हावी असा आग्रह धरला, तो पुरा होईना म्हणून ते बाजूला झाले, आणि भाऊसाहेब हिरे व यशवंतराव चव्हाण यांच्यात विधिमंडळ पक्षात खरीखुरी लढत झाली. यशवंतराव जिंकले. मते मोजून नेता ठरल्याचे असे उदाहरण पुढे दुर्मीळच. १९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली, तरी गुजरात, विदर्भ व मराठवाड्याच्या बळावर यशवंतरावांचे सरकार तगले आणि १ मे १९६० रोजी ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री ठरले.

१९६२च्या नोव्हेंबरात चीनच्या आक्रमणाने त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस नेले. त्यांच्या जागी आलेले मारोतराव कन्नमवार वर्षभरातच पदावर असताना निवर्तले. बाळासाहेब सावंतांनी दहा दिवस काळजीवाहू म्हणून कारभार पाहिला आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव नाईक आले. पुसदकडचा, बंजारा समाजातला हा नेता ११ वर्षांहून अधिक काळ त्या खुर्चीवर राहिला. सलग एवढा काळ तिथे दुसरे कोणीही राहिलेले नाही. २० फेब्रुवारी १९७५ रोजी ते गेले तेही निवडणुकीत हरून नव्हे. दिल्लीची मर्जी फिरली होती.

येथून पुढची २० वर्षे तक्त्यात फार दाटीवाटीने बसली आहेत. फेब्रुवारी १९७५ ते मार्च १९९५ या काळात ११ कारकिर्दी आणि माणसे ७. शंकरराव चव्हाण दोनदा, वसंतदादा पाटील दोनदा, शरद पवार तीनदा. शिवाय अब्दुल रहमान अंतुले, बाबासाहेब भोसले, शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि सुधाकरराव नाईक. या ११ पैकी निवडणुकीचा निकाल लागल्यावर थेट पदावर आलेले एकटे अंतुले, आणि त्यांचेही नाव इंदिरा गांधींनी ठरवलेले. बाकीचे सारे बदल मधल्या काळातले. अंतुले न्यायालयाच्या निकालानंतर गेले, निलंगेकर परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणानंतर गेले. वसंतदादांनी १९८५ची निवडणूक जिंकून दिली आणि काही महिन्यांतच पद सोडले. विधिमंडळ पक्षाची बैठक भरायची, दिल्लीहून निरीक्षक यायचे, नेता निवडण्याचा अधिकार पक्षश्रेष्ठींना देणारा एका ओळीचा ठराव व्हायचा, आणि मग नाव कळायचे. ‘पक्षश्रेष्ठी’ हा शब्द मराठीत याच वातावरणात रुळला. तो अनेकवचनी आहे, आदरार्थी आहे, आणि त्यातून नेमके कोण ते कधीच कळत नाही. ‘झाले’ला शोभणारे असे दुसरे नाम शोधूनही सापडणार नाही.

याच काळात १९७८चा जुलैही येतो. वसंतदादांच्या सरकारातून बाहेर पडून ३७ वर्षांचे शरद पवार पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. येथे करणारे श्रेष्ठी नव्हते, फुटून निघालेले आमदार होते. फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त करून केंद्राने आपला हात पुन्हा दाखवला. फुटीला आळा घालण्यासाठी १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला. तरीही २०२२च्या जूनमध्ये शिवसेनेच्या ५५ पैकी सुमारे ४० आमदारांसह एकनाथ शिंदे बाहेर पडले, उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला आणि शिंदे मुख्यमंत्री झाले. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी बहुमत चाचणीचा दिलेला आदेश अयोग्य ठरवला, पण ठाकरे चाचणीस सामोरे न जाता पायउतार झाल्याने त्यांना पुन्हा पदावर बसवता येणार नाही असेही सांगितले. ‘केले’ कुणी, हे न्यायालयाला इतक्या तपशिलात तपासावे लागल्याचे उदाहरण या यादीत दुसरे नाही.

काँग्रेस गेली म्हणजे रीत बदलली असेही नाही. १९९५ साली युतीचे मनोहर जोशी आले आणि १९९९ साली मुदत संपण्यापूर्वीच त्यांच्या जागी नारायण राणे आले. दोन्ही निर्णय बाळासाहेब ठाकरे यांचे. सत्तेचा ‘रिमोट कंट्रोल’ आपल्या हाती आहे, हे ते उघडपणे सांगत. निदान एवढा प्रांजळपणा दिल्लीच्या श्रेष्ठींनी कधी दाखवला नव्हता. २००४ साली राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळूनही मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहिले. २०१० साली पृथ्वीराज चव्हाण केंद्रातले मंत्रिपद सोडून आले. २०१९च्या नोव्हेंबरात एक सरकार सुमारे ८० तास टिकले. १९६० नंतर सत्तेवरची बाजू निवडणुकीने बदलली ती १९९५, १९९९ आणि २०१४ साली. त्यातही १९९९चे सरकार परस्परांविरुद्ध लढलेल्या दोन पक्षांनी निकालानंतर एकत्र येऊन बनवलेले. पाच वर्षांची एक पूर्ण मुदत पार पाडणारे मुख्यमंत्री दोनच : वसंतराव नाईक आणि २०१४ ते २०१९ या काळातले देवेंद्र फडणवीस. डिसेंबर २०२४ मध्ये फडणवीस पुन्हा आले तेव्हाही, युतीला निर्विवाद बहुमत मिळालेले असताना, नाव जाहीर होण्यास बरेच दिवस लागले.

कोणी म्हणेल, मुख्यमंत्री कुणी केला याने सामान्य माणसाला काय फरक पडतो? फरक पडतो, आणि दोन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवली की तो दिसतो.

पहिले रोजगार हमीचे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना १९७२च्या दुष्काळात, वसंतराव नाईकांच्या काळात, राज्यभर उभी राहिली. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या सात वर्षांत चार मुख्यमंत्री बदलले. योजना टिकली, कारण तिला कायद्याचा पाया आणि स्वतंत्र कराचा पैसा होता. खुर्चीवर कोण, यावर तिचे जगणे अवलंबून राहिले नाही. २००५च्या केंद्रीय कायद्यामागे याच अनुभवाची शिदोरी होती.

दुसरे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे. २७ जुलै १९७८ रोजी, पवारांच्या शपथविधीनंतर नवव्या दिवशी, दोन्ही सभागृहांनी विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. लगोलग मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. अंमलबजावणी थांबली. मोर्चे निघाले, नागपूरहून लाँग मार्च निघाला. मधल्या काळात आणखी सहा माणसे त्या खुर्चीवर बसून गेली. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, पुन्हा पवारांच्याच कारकिर्दीत. १९८८ ते १९९१ या आपल्या मधल्या कारकिर्दीत त्यांनीही तो केला नव्हता. साडेपंधरा वर्षे! ज्याला आपली खुर्ची उद्या राहील की नाही याची खात्री नाही, तो अप्रिय पण न्याय्य निर्णयाचे ओझे सहसा उचलत नाही. वरून आलेला माणूस वर पाहतो. आणि वर पाहणाऱ्याला जळालेली घरे दिसत नाहीत.

हा नियम सरसकट लावता येत नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. अंतुले वरून आले आणि दीड वर्षात गेले. तेवढ्यात त्यांनी सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे निर्माण करून दाखवले. उलट दीर्घ मुदत म्हणजे न्यायाची हमी असेही नाही. आणि एक उणीव तर सर्वच कारकिर्दींत सारखी आहे : १९३७ पासून २०२४ पर्यंतच्या या यादीत एकही स्त्री नाही. ‘झाले’ या क्रियापदाला ‘झाल्या’ असे रूप आहे, हे आम्ही वर्गात शिकवतो. तक्त्याला ते रूप वापरण्याची वेळच आली नाही.

तक्ता अजून तिथेच आहे. तो काढावा असे आम्ही म्हणणार नाही. मुलांना तो गुण हवाच असतो. यंदा फक्त आम्ही वर्गात एक अभ्यास दिला. तक्त्याला चौथा रकाना जोडायचा आणि प्रत्येक नावासमोर ‘कुणी केले?’ हे लिहायचे : मतदारांनी, आमदारांनी, श्रेष्ठींनी, की परिस्थितीने. काही ठिकाणी दोन-दोन उत्तरे आली, काही ठिकाणी वाद झाले. वाद झाले हे बरे झाले. जे नागरिक हा चौथा रकाना भरत नाहीत, त्यांच्यासाठी तो दुसरेच कोणीतरी भरून ठेवते.